निळा टी-शर्ट

४ एप्रिल २०२०

घरी जा म्हणे! काल ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी सांगितलं — ज्या परदेशी विद्यार्थ्यांना स्वतःचा खर्च झेपत नाही, त्यांनी आता आपापल्या देशात परत जावं. कशानं जाऊ? उडत? विमानं दोन्हीकडून बंद. फी घेताना कुणी म्हणालं नव्हतं घरी जा. बोलण्याचा सूर असा, जणू पाहुण्याला पान-सुपारी देऊन निरोप देताहेत. मी रिमोट भिंतीवर फेकून मारला. फुटला.

किरणनं तुकडे गोळा केले, सेलोटेप लावला, बॅटऱ्या बसवल्या. चालू झाला. म्हणाला, ताई, टीव्ही घरमालकाचा आहे, पुढच्या वेळी उशी मार.

किरण वरच्या खोलीत राहतो. नांदेडचा. लॉजिस्टिक्स शिकतो, माझ्या डब्यातलं खातो आणि भांडी घासतो. मेलबर्नच्या टोकाच्या या अख्ख्या ट्रुगानिनात माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस.

कॅफेनं दोघांनाही काढलं. इथल्यांना सरकार पगार देणार आहे. आम्हाला नाही, आमचा व्हिसा तात्पुरता. पोट मात्र कायमचं.

९ एप्रिल

कुमार सरांचा फोन! मराठी मंडळाच्या गणपतीत माईक ज्यांच्या हातून सुटत नाही, ते. त्यांचा माणसं पुरवायचा धंदा आहे. कारखान्यानं यांना पैसे द्यायचे, यांनी आपला वाटा काढून आम्हाला. म्हणाले, अशा काळात आपली मुलं उपाशी राहता कामा नयेत. आपली! बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मांसाचा कारखाना आहे, जमेल का, विचारलं. मी जमेल म्हणाले. मग आडनाव विचारलं. साळवे, मी सांगितलं. "अच्छा, साळवे. मग जमेलच." किरणचं विचारलं. कांबळे. त्यालाही जमेल.

१४ एप्रिल

भीमजयंती. खिडकीत मेणबत्त्या लावल्या, झूमवर वंदना घेतली. नाशिक रोडला पप्पांनी गॅलरीत निळा झेंडा लावलाय, तो फोन फिरवून फिरवून दाखवला. मग विचारलं, काम कसलं लागलं? म्हटलं, फूड सेफ्टीची लॅब. पप्पा खूश. शेजाऱ्यांना सांगणार.

खरं कसं सांगू? आमच्या घरात पुराण नाही, दादाराव आज्याची गोष्ट आहे. धम्म घेतला त्याच्या दुसऱ्या वर्षी आज्यानं महारकी सोडली. पाटलाचा बैल मेला, ओढायला बोलावणं आलं, आजा गेला नाही. तिसऱ्या दिवशी वास सुटला तेव्हा पाटलाची माणसं काठ्या घेऊन आली. उजवं मनगट उखळावर ठेवून ठेचलं. पुढं गावानं वाळीत टाकलं — विहीर बंद, दुकान बंद. ते मनगट मी पाहिलेलं आहे. वाकडं. चहाचा ग्लास डाव्या हातानं धरायचा. म्हणायचा, हात गेला पण पुन्हा ढोर नाही ओढलं.

आणि त्याची नात उद्या पहाटेच्या शिफ्टला सुरी घेऊन उभी राहणार! विमानानं येऊन!

२ मे

हात सुजतात. बोनिंग रूममध्ये, म्हणजे हाडावरून मांस सोडवायच्या खोलीत, थंडी इतकी की रक्त सांडतं आणि घट्ट होतं. आकड्यांवर लटकलेली अर्धी जनावरं चेनवरून येतात, थांबत नाहीत. खांदा सोड, बरगडी सोड, पुढचं. आपण थांबलो की मागचा शिव्या घालतो. पहिल्या आठवड्यात संडासात जाऊन ओकायचे. आता डबा खाते.

एक गोष्ट लक्षात आली. कुमार सरांनी आणलेली मराठी पोरं बरीच आहेत. जोशी, देशपांडे, गोखले वरती — क्वालिटीत, पॅकिंगच्या कॉम्प्युटरवर, पांढऱ्या स्वच्छ कोटात. कांबळे, साळवे, गायकवाड, जाधव खाली, रक्तात. जाधवला वाटतं त्याला चुकून खाली टाकलं. तो मराठा आहे. बिचारा रोज सांगतो!

किरणला दाखवलं. तो म्हणाला, ताई, तुला सगळीकडे तेच दिसतं. मी म्हटलं, माझी डिग्री फूड सायन्सची, मी खाली. गोखलेची ड्रामाची, तो वर. मला तेच दिसतं कारण ते आहे!

२० जून

सर निवडणुकीला उभे राहणार! सत्तेतल्या पक्षाचं तिकीट मागताहेत. फेसबुकवर भाषण टाकलंय. दोन सुटकेस घेऊन मेलबर्नला आलो, शून्यातून उभा राहिलो. या देशात जो धडपडतो त्याला संधी मिळते, इथे कुणी तुमचं आडनाव विचारत नाही.

मला पहिल्या फोनवर काय विचारलं होतंत, सर?

आणि दुसऱ्या सुटकेसमध्ये कोथरूडचा फ्लॅट होता, ते राहिलं सांगायचं. मुलं महागड्या ग्रामर स्कूलला जातात, बंगला ब्रायटनला, समुद्राच्या वासात. आमच्या कोटाला दुसराच वास येतो.

किरणनं त्या भाषणाला लाइक केलं. मी त्याच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही.

११ जुलै

मारामारी केली. मी!

मेलबर्नभर पुन्हा लॉकडाऊन. दुसऱ्या एका कारखान्यात बरेच जण पॉझिटिव्ह निघालेत, सगळे घाबरलेत. सकाळी कामाला नेणाऱ्या व्हॅनमध्ये किरण खोकला. मसाल्याचा ठसका लागला होता, पण कोण ऐकतंय! जाधव ओरडला, उतर. दुसऱ्या दोघांनी धरून फरफटत बाहेर काढलं. रस्त्यावर आपटलं. वर लाथ. किरण नुसता डोकं झाकून पडलेला. मी मागून जाधवची कॉलर धरली आणि कानाखाली वाजवली. तो वळला तर पुन्हा. त्याच्या ओठातून रक्त आलं तेव्हा थांबले.

खोटं नाही लिहिणार — बरं वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदा.

मग आम्ही सगळे एकाच व्हॅनमध्ये बसून कामाला गेलो. दुसरं काय करणार? कामावर जाधव माझ्या शेजारच्याच टेबलावर.

२४ जुलै

आज खून झाला असता.

सर बोनिंग रूममध्ये आले. पांढरा कोट, डोक्यावर जाळी, मागे फोटो काढणारा. पक्षाला दाखवायचं असणार, बघा मी कष्टकऱ्यांत मिसळतो. माझ्या टेबलाशी थांबले. मी खांदा सोडवत होते. एका झटक्यात सुटला, हाडावर मांस राहिलं नाही. सर बघत राहिले आणि मराठीत म्हणाले, अगदी मनापासून, कौतुकानं:

"वा! शेवटी तुमच्या लोकांच्या हातातच असतं हे."

सुरी हातात होती. स्टीलवर आत्ताच धार लावलेली. कुठून घातली की हाड आड येत नाही, हे मला यांनीच शिकवलंय. कोटाच्या दुसऱ्या बटणाखाली. मी तिथेच बघत होते. किती वेळ, माहीत नाही. मागून पुढचं जनावर आलं आणि खांद्याला धडकलं, म्हणून मी वळले.

मी "थँक यू सर" म्हणाले. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जाताना एक पिशवी दिली. आत निळा टी-शर्ट, त्यांच्या पक्षाच्या रंगाचा, त्यावर त्यांचं नाव. त्यांना व्हिडिओ करायचाय, मी त्यात बोलायचं — साध्या घरातली मुलगी, स्वतःच्या जोरावर. स्पॉन्सरशिपचं ते बघतील. "निळा आहे. तुमच्याही आवडीचा रंग." हसले.

स्पॉन्सरशिप! मार्चमध्ये माझा व्हिसा संपतो, मालकानं हमी घेतली तरच पुढं राहता येतं. किरणचाही. या एका शब्दासाठी या घरातलं प्रत्येक माणूस काहीही करेल. मी टी-शर्ट फाडला नाही. घडी करून कपाटात ठेवला.

९ ऑगस्ट

कर्फ्यू. वर हेलिकॉप्टर. आम्हाला परमिट आहे, मांसाशिवाय देशाचं चालत नाही. माणसं कमी करायचा हुकूम आलाय म्हणून चेनवर एक तृतीयांश कमी झाली. माल मात्र तेवढाच. किरणला पट्ट्याच्या करवतीवर टाकलंय. हाडं कापायची ती उभी करवत. ती शिकायला लोकांना महिना लागतो. त्याला एक सकाळ मिळाली.

१९ ऑगस्ट

तीन वेळा वही उघडली आणि मिटली.

किरणला ताप होता. सरांना फोन केला तर म्हणाले, टेस्ट केलीस की रिझल्टपर्यंत घरी बसशील, मग जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. गोळी घे आणि ये. तो गोळी घेऊन आला. गेटवर ताप मोजतात, तिथे दिसला नाही.

करवतीला गार्ड असतो. पात्याच्या पुढं पत्र्याचं झाकण. त्यात हाडाचा चुरा अडकत होता, दर थोड्या वेळानं करवत बंद करून साफ करावं लागायचं, मागे माल तुंबायचा. सर त्या दिवशी आत होते, माल मागे पडतोय म्हणून मॅनेजरनं त्यांना झापलं होतं. सुपरवायझर शेन पलीकडच्या टोकाला. सर किरणपाशी आले आणि मराठीत म्हणाले, "तो गार्ड काढून ठेव रे बाजूला. आजचा माल निघू दे."

किरणनं माझ्याकडे बघितलं. मी ऐकलं होतं. मी मान हलवली — नको. सर तिथेच उभे. त्यानं गार्ड काढला.

पुढचं लिहिते. आवाज वेगळा आला नाही. करवतीला काय, हाड ते हाड. किरण ओरडला नाही, नुसता "ताई" म्हणाला, जसा मीठ मागायला म्हणतो तसा. उजवा हात मनगटापासून तुटून टेबलावर होता. हातमोज्यासकट. चेन चालूच होती! मी लाल बटण दाबलं. मनगट दोन्ही हातांनी आवळून धरलं. इतके महिने रक्तात उभी होते, पण ते रक्त गरम होतं.

शेन धावत आला, विचारत राहिला, गार्ड कुठेय, गार्ड कुणी काढला. सरांनी इंग्लिशमध्ये सांगितलं, पोरानं स्वतःच काढला असणार, नवीन आहे.

हात पुन्हा जोडता आला नाही.

२२ ऑगस्ट

हॉस्पिटलमध्ये कुणाला सोडत नाहीत. व्हिडिओ कॉलवर किरण म्हणाला, बोटं खाजतात. नसलेली. आईला काय सांगू, विचारत होता. मी म्हटलं, मी सांगते. अजून सांगितलं नाही.

बाहेर अंगणात जाऊन कचऱ्याच्या डब्याला लाथा मारल्या. पिवळं झाकण तुटलं. शेजारीण खिडकीतून बघत होती, नंतर दारात केक ठेवून गेली.

२७ ऑगस्ट

चित्राताई आल्या. सरांची बायको. ब्रायटनहून इतक्या लांब यायला परमिट कसं मिळालं, देव जाणे. दारात उभ्या, मास्क, हातमोजे, डब्यात पुरणपोळ्या. पोळ्या पायरीवर ठेवल्या आणि दोन पावलं मागं सरकल्या. रोगामुळेच असेल.

बोलल्या गोड. प्रतीक्षा, तू आम्हाला मुलीसारखी. सेफ्टीचे इन्स्पेक्टर तुला विचारतील. यांना झोप नाही गं. तिकीट येत्या काही महिन्यांत ठरतंय, आपल्यातला पहिला माणूस पार्लमेंटमध्ये जाईल. घाईत कुणाच्या तोंडून काय निघालं, मराठीत, कुणाला कळलंही नाही. तू म्हणालीस की ऐकलं नाही, तर कुणाचंच नुकसान नाही. किरणचं इन्शुरन्स बघेल. तुझे कागद तयार आहेत, सही तेवढी राहिलीय.

मी म्हटलं, विचार करते.

पुरणपोळ्या खाल्ल्या. भूक लागली होती. लाज वाटली, पण चांगल्या झाल्या होत्या.

३० ऑगस्ट

पप्पांना सगळं सांगितलं. लॅब नाही. गुरं कापते. रोज. मग किरणचा हात, मग स्पॉन्सरशिप. एका दमात बोलले आणि वाट पाहत राहिले, आता शिव्या घालतील, फोन आपटतील. आज्याचा फोटो त्यांच्या मागेच भिंतीवर.

पप्पांनी वळून त्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "तुझ्या आज्याला कामाची लाज नव्हती. तालुक्यात त्याच्यासारखं सोलणारं कुणी नव्हतं. त्यानं सोडलं ते पाटलाच्या हुकमावरून करायचं नाही म्हणून. तू काय कापतेस ते नको सांगू. कुणाच्या हुकमावरून काय बोलणार आहेस, ते सांग."

मी फोन ठेवून रडले. खूप. मग तोंड धुतलं.

३ सप्टेंबर

सांगितलं. इन्स्पेक्टरबाईंना, फोनवर, दुभाषी मध्ये घेऊन. सरांचं वाक्य मराठीतच म्हणायला लावलं. शब्द अन् शब्द म्हटला. बाई म्हणाल्या, आणखी कुणी ऐकलं का? म्हटलं, किरणनं. तो बरा झाला की सांगेल. बाई म्हणाल्या, मग केस भक्कम आहे.

संध्याकाळी मेसेज, उद्यापासून शिफ्ट नाही.

१० सप्टेंबर

मंडळाच्या ग्रुपमधून काढलं. ट्रुगानिनाच्या मराठी भगिनींच्या ग्रुपमधून काढलं. टिफिनवाल्या वीणाताईंनी डबा बंद केला — "आमच्याकडे जागा नाही आता." पोळीभाजीला जागा नाही! वर जाधवचा मेसेज, "चांगलं केलंस." जाधवचा! ज्याचा ओठ मी फोडला!

आज्याची विहीर बंद झाली होती. मला व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं. माझं सोपं आहे.

५ ऑक्टोबर

किरण सुटला, पण घरी आला नाही. चित्राताई त्याला ब्रायटनला घेऊन गेल्या. समुद्राकडची खोली दिलीय, स्वतः भरवतात म्हणे. फोनवर घाईत बोलला. म्हणाला, इथे शांत आहे. जबाब दिलास का, विचारलं तर म्हणाला, अजून औषधं चालू आहेत.

एवढा ताप काढून त्याला चार दिवस कुणी भरवत असेल तर भरवू दे. बोलेल तेव्हा बोलेल. बोनिंग रूममध्ये सरांचं ऐकणारे आम्ही दोघंच होतो, आणि त्याचा तर हात गेलाय. तो कसा विसरेल?

मला वेरिबीला वृद्धाश्रमात सफाईचं काम लागलं. मंडळाला कळायच्या आत.

१८ डिसेंबर

किरण फोन उचलत नाही. वाढदिवसाचा मेसेज केला, वाचला, उत्तर नाही. मी त्यांच्या बंगल्यापर्यंत जाऊन आले. बेल वाजवली, कुणी उघडलं नाही. वरच्या खिडकीचा पडदा हलला. गेटला लाथ घातली. पाय सुजलाय.

६ फेब्रुवारी २०२१

सरांचं तिकीट पक्कं. व्हिडिओ आला. टीव्हीवर लावून बघितला.

किरण आहे. निळा टी-शर्ट घातलाय, वजन वाढलंय, केस नीट कापलेत. उजवा हात खिशात. स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणतो, या देशात जो धडपडतो त्याला संधी मिळते, कुमार सरांनी मला ती दिली. मग दुपारी इन्स्पेक्टरबाईंचा फोन. किरणनं लिहून दिलंय — गार्ड मी स्वतःच काढला, कुणीही सांगितलं नव्हतं. डाव्या हाताची सही आहे. त्याची स्पॉन्सरशिप झाली. माझं म्हणणं आता एकटीचं.

मग त्याचा मेसेज, चार महिन्यांत पहिला:

"ताई, तुझे दोन्ही हात शाबूत आहेत. मला दुसरं कोण ठेवून घेणार होतं? रागावू नकोस."

सेलोटेप लावलेला रिमोट हातात होता. उशीही शेजारीच होती. मी टीव्ही बंद केला आणि रिमोट जागेवर ठेवला.